धाकटीच्या गुडघ्याची कार्डं

थोरलीकडे पाद्रीणबाईची भाषेची शिकवणी सुरू झाली त्या पहिल्याच दिवशी तिनं दोन गोष्टी तोंडावर सांगून टाकल्या. एक, शिकवणी सकाळी नऊ ते अकरा, मिनिटभर इकडे नाही की तिकडे नाही. दुसरी, "तुमच्या देवाशी मला काही कर्तव्य नाही. माझ्यासाठी प्रार्थनाबिर्थना करायची नाही. माझं मी बघायला समर्थ आहे." पाद्रीणबाईला तेव्हा इथली भाषा अजिबात येत नव्हती, म्हणून थोरलीनं हे हातवारे करून दोनदा सांगितलं. दुसऱ्या वेळचं सांगणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू गेलं.

थोरली म्हणजे एकतीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेली बाई. गल्लीतले लहानथोर तिला 'बाई'च म्हणायचे. 'ताई' म्हणणारी जगात एकच उरली होती, ती म्हणजे तिची धाकटी जाऊ. दोघींचे नवरे सख्खे भाऊ, आणि जातानाही एकामागोमाग एक वर्षाच्या आत गेले. आता घराच्या वरच्या मजल्यावर थोरली, तिची पुस्तकं आणि तिचा लाल पेन्सिलींचा डबा, आणि खाली रस्त्याकडच्या खोलीत धाकटी, तिचं पायाचं शिलाई मशीन आणि दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्या बायका. छत्तीस वर्षं दोघी एका छपराखाली होत्या. भांडण म्हणावं असं कधी झालं नव्हतं, आणि गूळपीठ तर नव्हतंच.

पाद्रीणबाई तिशीतली, उंच, थोडी वाकून चालणारी. तिकडे लांब कुठल्याशा लहान गावातल्या चर्चनं तिला पाठवलं होतं. दोन वर्षं भाषा शिकायची, माणसं समजून घ्यायची, आणि मग कामाला लागायचं, असा करार. गल्लीत एक खोली घेऊन ती एकटी राहायची. तिच्याजवळ एक निळी वही असे. त्यात ती इथल्या माणसांच्या रीती लिहून ठेवी. 'इथे दार न वाजवता आत येतात.' 'बघू म्हणजे नाही.' 'जेवलात का असं विचारलं म्हणजे जेवायला वाढतील असं नाही.' थोरली ती वही दर शनिवारी तपासून देई.

अशी विद्यार्थिनी एकतीस वर्षांत मिळाली नव्हती. दिलेलं पाठ करून येणारी, खोडलेलं का खोडलं ते विचारणारी, शिक्षकाचा शब्द खाली पडू न देणारी. थोरली साडेआठपासूनच खुर्ची मांडून, वही-पेन्सिल सरळ करून बसायची. नऊ वाजता जिन्यावर पावलं वाजली की घाईनं काहीतरी वाचत असल्याचं दाखवायची. कोणी म्हणालं असतं की बाई वाट बघत होत्या, तर तिनं त्याला उभं सोलून काढलं असतं.

गाडी घसरली ती पाद्रीणबाईच्या झग्याची शिलाई उसवली त्या दिवशी. अकराला ती जिना उतरली, धाकटीच्या खोलीत शिलाई घालून घ्यायला बसली, आणि उठली ती एक वाजता. दुसऱ्या दिवशी काहीच उसवलेलं नव्हतं, तरी बसली. आठवड्याभरात ती तिथे हूक लावायला आणि काजं करायला शिकली. महिन्याभरात गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणून परत पाठवायलाही शिकली. आणि वर, आपल्या टेबलाशी बसलेल्या थोरलीला एक नवाच आवाज ऐकू यायला लागला. पाद्रीणबाई हसत होती. अगदी पोट धरून. वर इतके महिने ती कधी खुदकन्‌सुद्धा हसली नव्हती.

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं, दुसरं काय! आधी तिनं खिडकी लावून घेतली. खिडकी लावली तर ऐकू येईना, आणि ऐकू येईना म्हणून जास्तच दुखायला लागलं. मग पुन्हा खिडकी उघडली.

शिकवणीतही खालचा माल वर यायला लागला. पाद्रीणबाई निबंध वाचता वाचता मध्येच म्हणाली, "काय सांगू बाई, डोक्याला नुसता ताप झालाय."

"हे कुठून आणलंत?" थोरलीनं विचारलं.

"मावशींनी शिकवलं," पाद्रीणबाई कौतुकानं म्हणाली.

मावशी! इकडे एवढं शिकवून थोरली बाईची बाईच राहिली, आणि तिकडे चार हूक लावून घेऊन धाकटी मावशी झाली. धाकटी तर तिला सरळ "ए पोरी" म्हणून हाक मारायची. थोरलीनं त्या निबंधात त्या दिवशी इतक्या चुका काढल्या की पान लाल दिसायला लागलं.

पण खरा तिळपापड झाला तो कार्डांमुळे. एकदा सुई मागायच्या निमित्तानं थोरली खाली गेली, तर धाकटीच्या मशीनमागच्या भिंतीवर पाच-सहा रंगीत कार्डं टाचणीनं लावलेली. एकावर दीपस्तंभ, एकावर मांजर, एकावर नुसती फुलं.

"हे काय?" थोरलीनं विचारलं.

"आलीत माझ्या गुडघ्यासाठी," धाकटी म्हणाली. तिचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. तो बदलायचं ऑपरेशन ठरलं होतं. मोठ्या दवाखान्यात नाव घातल्यावर आठ महिन्यांनी तारीख मिळाली होती. "पोरीनं तिच्या गावी पत्रात लिहिलं. तिकडची म्हातारी माणसं रोज माझ्यासाठी प्रार्थना करतात म्हणे. साठ घरं आहेत, ताई! आणि कोणाकोणाला राहवत नाही, ते कार्ड पाठवतात. दर महिन्याला येतात. बघा, ही मांजरवाली बाई तर दोनदा."

"तुझा विश्वास आहे त्यांच्या देवावर?" थोरलीनं विचारलं.

"देवाचं मला काय कळतंय? पण साठ घरं, ताई! माझ्या लग्नालासुद्धा एवढी माणसं नव्हती."

थोरली सुई न घेताच वर आली. तिचा त्या देवावर विश्वास नव्हता, त्या प्रार्थनेवर नव्हता, तिचे स्वतःचे गुडघे ठणठणीत होते. तरी साठ घरं तिच्या डोक्यातून जाईनात. कुठल्या तरी अनोळखी गावात साठ माणसं सकाळी उठून धाकटीचं नाव घेतात. आणि आपलं? आपलं नाव सकाळी दूधवालासुद्धा घेत नाही.

पुढच्या शनिवारी पाद्रीणबाई नेहमीच्या वहीऐवजी दोन सुटे कागद घेऊन आली. "बाई, या वेळी गावचं पत्र मी आधी इथल्या भाषेत लिहिलंय," ती म्हणाली. "तुम्ही तपासा. मग तेच माझ्या भाषेत करून पाठवीन. म्हणजे अभ्यास होईल."

थोरलीनं लाल पेन्सिल हातात घेतली. पहिलं पान हवापाण्याचं होतं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं, 'प्रार्थनेसाठी विनंती', आणि खाली यादी. पहिली विनंती पाद्रीणबाईची स्वतःसाठी होती. 'मला इथल्या भाषेत प्रार्थना करता यावी. चौदा महिने झाले. मी बोलते, भांडते, घासाघीस करते, पण डोळे मिटले की माझी जुनीच भाषा येते. ज्यांच्यात राहायचं त्यांच्या भाषेत मला देवाशी बोलता येत नाही, याची लाज वाटते.' मग वडिलांचा दमा. मग चर्चनं पाठवलेल्या आणि वाटेत अडकलेल्या पुस्तकांच्या पेट्या. आणि शेवटी:

'शिंपीणमावशींच्या गुडघ्यासाठी. ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. त्यांना भूल देण्याची फार भीती वाटते, आपण जागेच होणार नाही असं वाटतं. हे त्यांनी घरात कोणाला सांगितलेलं नाही. या गावात मी पहिल्यांदा हसले ती त्यांच्या खोलीत.'

थोरलीनं ती ओळ तीनदा वाचली. घरात कोणाला म्हणजे कोणाला? घरात होतंच कोण दुसरं! छत्तीस वर्षं शेजारी राहून जी भीती आपल्याला सांगितली नाही, ती काल आलेल्या परक्या पोरीला सांगितली. आणि त्या पोरीनं यादीत वडिलांचा दमा घेतला, पेट्यासुद्धा घेतल्या, आणि रोज दोन तास घसा कोरडा करणाऱ्या बाईंना एक शब्द नाही. स्वतःच बजावलं होतं हे थोरलीला आठवत होतं. पण बजावलेलं एवढं तंतोतंत पाळावं का माणसानं?

तिनं त्या ओळींत चूक शोधली. ऱ्हस्व-दीर्घ पाहिलं, विरामचिन्हं पाहिली. एकही चूक नव्हती. इतकं चांगलं त्या पोरीनं आजवर काही लिहिलंच नव्हतं. मग थोरलीनं पेन्सिल टेकवली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं खोडलं.

"हे काढा," ती म्हणाली.

"चूक आहे का, बाई?"

"भाषेची नाही. रीतीची. आपल्याकडे दुसऱ्याचं दुखणं असं चारचौघांत मांडत नाहीत. फार वाईट दिसतं ते. त्या माणसाशीसुद्धा बोलत नाहीत त्याबद्दल. त्यानं सांगितलं तर ऐकावं, आपण विचारू नये."

आता ही गल्ली अशी, की सकाळी दूध आणायला गेलेला माणूस तिघांचं पित्त आणि दोघांची मूळव्याध ऐकल्याशिवाय घरी परतत नाही. तिथे ही रीत थोरलीनं बसल्या जागी जन्माला घातली.

"पण मावशींकडे तर सगळ्या बायका हेच..." पाद्रीणबाई चाचरली.

"शिकलेली माणसं तसं करत नाहीत," थोरली म्हणाली.

पाद्रीणबाईचे कान लाल झाले. "मी चार महिने असं वागले! मावशींना किती वाईट वाटलं असेल. कोणी बोललंसुद्धा नाही मला." तिनं निळी वही काढून ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. थोरलीनं "असू दे, परक्याला माफ असतं" म्हणून तिची समजूत घातली. त्या दिवशी तिला बरं वाटलं, अगदी हलकं वाटलं. हे सांगायला हवं, कारण पुढे तिनं स्वतःशीच बरेच दिवस 'मी आपली रागाच्या भरात बोलून गेले' असा मुलामा लावून पाहिला. रागाच्या भरात नव्हे, चांगलं विचार करून बोलली होती.

महिना गेला. पाद्रीणबाई खाली जायची, काजं करायची, पण गुडघ्याचा विषय निघाला की खाली मान घालून दोरा तोडायला लागायची. पूर्वी ती रोज "आज कसा आहे गुडघा?" म्हणून विचारायची, आता नावच काढेना. हसणंही कमी झालं. वर थोरलीला ते कमी झालेलं हसणं बरोबर ऐकू येत होतं. आणि महिन्याच्या शेवटी टपालवाला दारावरून नुसताच पुढे गेला. एकही कार्ड आलं नाही.

ऑपरेशनला चार दिवस राहिले असताना दुपारी धाकटीनं खालून हाक मारली. थोरली गेली, तर मशीनवर कापड घातलेलं, खोलीत गिऱ्हाईक नाही, आणि धाकटी पाय लांब करून जमिनीवर बसलेली.

"ताई, दवाखान्यात फोन करा," ती म्हणाली. दवाखाना, बँक, सरकारी कचेरी, असली बोलणी घरात थोरलीच करायची. "सांगा त्यांना, मला नको ते ऑपरेशन."

"वेड लागलंय का तुला? आठ महिने थांबलीस या तारखेसाठी."

"कार्डं आली नाहीत," धाकटी म्हणाली. "एक नाही. आणि पोर माझ्या गुडघ्याचं नाव काढत नाही. मी काढलं तर उठून जाते. तिला काहीतरी कळलंय, ताई. ती देवाची माणसं, त्यांना आधी कळत असणार. साठ घरं माझ्यासाठी बसली होती, ती एकदम उठून गेली. उगाच जातील का? मी त्या टेबलावरून उठणार नाही, हे कळलंय त्यांना. मला सांगायला धजत नाहीत."

ती रडत नव्हती. मापाची टेप बोटाभोवती गुंडाळत होती आणि सोडत होती. थोरलीच्या हातात फोन होता. फोन केला असता तर धाकटी घरीच राहिली असती, जिना चढायचा तर तिनं वर्षापूर्वीच सोडला होता, आता मशीनही सुटलं असतं, आणि आणखी काही महिन्यांनी उंबरा. थोरलीला एकदम दिसलं की खालची खोली अशी गप्प झाली तर आपण वर खिडकी उघडून काय ऐकणार आहोत.

"त्यांना काही कळलेलं नाही," ती म्हणाली. वर्गात उभी राहायची तशी ती ताठ उभी होती, बसून बोलायचं धाडस नव्हतं. "पत्रातून तुझं नाव मी खोडलं. त्या पोरीला मीच सांगितलं की दुसऱ्याच्या दुखण्याबद्दल बोलणं इथे वाईट समजतात. तिला ते खरं वाटलं."

धाकटीची टेप थांबली. "तुम्ही?"

"मी."

"का पण?"

"तुझ्यासाठी साठ घरं," थोरली म्हणाली, आणि इतकी वर्षं ज्या आवाजात ती शुद्धलेखन सांगायची तो आवाज मध्येच चिरकला. "तुझ्याकडे सगळी येतात. न बोलावता येतात. माझ्याकडे एक आली, तीपण तू घेतलीस. भुलीची भीती वाटते हेसुद्धा तू तिला सांगितलंस, मला नाही."

"तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

'भूल देणाऱ्यांना तुझ्यापेक्षा जास्त कळतं' असं थोरली म्हणाली असती, हे दोघींनाही माहीत होतं.

धाकटीनं भिंतीला धरून उठायचा प्रयत्न केला. थोरली हात द्यायला पुढे झाली तर तिनं तो झिडकारला, आणि तीन झटक्यांत स्वतःच उभी राहिली. "म्हणजे वरून कोणी खोडलं नाही, नुसतं तुम्ही खोडलंत," ती म्हणाली. "मग ठीक आहे. तुम्ही आयुष्यभर माझं खोडतच आलात, म्हणून काही मी मेले नाही. नका करू फोन. जाते मी ऑपरेशनला." दाराशी जाऊन ती वळली. "पण तुम्ही नका येऊ बरोबर. पोर येईल."

पाद्रीणबाईला सांगणं त्याहून अवघड गेलं. दुसऱ्या दिवशी नऊ वाजता थोरलीनं निळी वही मागून घेतली, दोन रेघांचं ते पान काढलं आणि म्हणाली, "ही रीत खोटी आहे. मी बनवली. मला हेवा वाटला म्हणून." पाद्रीणबाईला राग आला असता तर थोरलीला सोपं गेलं असतं. पण ती वही पुढून मागे चाळायला लागली, चौदा-पंधरा महिन्यांची पानंच्या पानं, आणि हळू आवाजात म्हणाली, "बाई, यातलं आणखी काय काय खोडू?"

"बाकी सगळं खरं आहे," थोरली म्हणाली. पण आपल्या शब्दाला आता काय वजन राहिलं, हे तिला त्या पोरीच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी धाकटी आणि पाद्रीणबाई गाडीत बसून गेल्या. धाकटीची पिशवी पाद्रीणबाईच्या मांडीवर होती. थोरलीनं धाकटीच्या खोलीचं दार उघडलं आणि आत खुर्ची टाकून बसली, कोणी कपडे न्यायला आलं तर द्यावेत म्हणून. आल्या बायका, बाराजणी तरी आल्या. प्रत्येकीनं विचारलं, "मावशी कशा आहेत? आत नेलं का? भूल दिली का?" एकीनं आपल्या मावसभावाचा गुडघा सांगितला, दुसरीनं सासऱ्यांचा. थोरली कपड्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून कपडे काढून देत होती. "आणि तुम्ही कशा आहात, बाई?" असं एकीनंही विचारलं नाही. त्या दिवशीसुद्धा तिला ते टोचलं. जाऊ टेबलावर पडलेली, आणि आपल्याला हे टोचतंय, म्हणून तिनं मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या दिल्या. त्यानंही टोचायचं थांबलं नाही.

साडेपाचला पाद्रीणबाई आली. "झालं," ती दारातूनच म्हणाली. "जाग्या झाल्या. पहिलं काय विचारलं माहीत आहे? लग्नाचा ब्लाऊज नेला का म्हणाल्या."

"नेला," थोरली म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "नेला. सांगा तिला."

पाद्रीणबाई समोरच्या स्टुलावर बसली. तिचे डोळे सुजलेले होते, पण चेहरा उजळला होता. "बाई, तुम्हाला सांगायचंय. त्यांना आत नेलं, मी बाहेर बाकावर बसले, डोळे मिटले आणि इथल्या भाषेत आलं! आपोआप आलं. पहिल्यांदाच."

"काय म्हणालात?"

"म्हटलं, हे बघ, फार कामाची बाई आहे ही. तिला नीट घरी धाड. उगाच मला बोलायला लावू नकोस."

कापडवाल्याला दम भरताना धाकटी असंच बोलायची, शब्दन्‌शब्द तिचा. नियम शिकवले थोरलीनं, उच्चार घासून घेतले थोरलीनं, आणि ती पोर देवापुढे बसली तेव्हा तिच्या तोंडून धाकटी बोलली. ऑपरेशन नीट झालं म्हणून जीव भांड्यात पडला होता, तोच परत वर आला. याला काही अंतच नाही, थोरलीच्या मनात आलं. मेल्यावरही मी कोणाच्या तिरडीला किती माणसं हेच मोजत बसेन.

"तुमच्या यादीत माझं नाव घाला," ती एकदम म्हणाली.

"तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होतात..."

"काय म्हणाले ते मला पाठ आहे. घाला."

पाद्रीणबाईनं वही उघडली. "काय लिहू? काय दुखतंय तुमचं?"

रक्तदाब सांगावा, असं थोरलीला वाटलं. चारचौघांत मिरवता येण्यासारखा होता तो. मानेचं दुखणंही होतं. तिनं मशीनमागच्या भिंतीकडे पाहिलं आणि मग मुलांना मजकूर सांगायची तसा सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितला. "लिहा. माझ्या शिक्षिकेला जावेचा हेवा वाटतो. छत्तीस वर्षं वाटतो. जावेकडे माणसं येतात, हिच्याकडे येत नाहीत, आणि आलेलं माणूस हिला ठेवता येत नाही. यावर तुमच्याकडे काही उपाय असेल तर बघा."

पाद्रीणबाईनं सगळं लिहून घेतलं, मावशींच्या खोडलेल्या ओळीही परत घातल्या, आणि तसंच्या तसं पाठवलं.

धाकटी घरी आली. चार पायांची काठी धरून खोलीत फेऱ्या मारायला लागली. मशीनला दोन महिने हात लावायचा नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून ती बसून हातशिलाई करायची. थोरली दोन वेळचं ताट खाली आणून द्यायची, धाकटी "ठेवा" म्हणायची, बस. त्यापलीकडे बोलणं नव्हतं.

सहा आठवड्यांनी टपालवाल्यानं दोरीनं बांधलेला एक गठ्ठाच धाकटीच्या दारात ठेवला. पाद्रीणबाईनं तो सोडून दोन ढीग केले, आणि एक ढीग मोठा होत चालला तसा तिचा चेहरा गोंधळला. "बाई, खाली या!" तिनं हाक मारली. थोरली आली.

"ही मावशींची, नऊ," पाद्रीणबाई म्हणाली. "आणि ही... बाई, ही सगळी तुमची. सदतीस."

"सदतीस?" धाकटी म्हणाली. कित्येक दिवसांनी तिनं थोरलीसमोर आपणहून तोंड उघडलं. "माझं अख्खं हाड कापून काढलं तर नऊ, आणि यांच्या जळफळाटाला सदतीस?" तिनं पाठ फिरवली आणि हातातल्या कापडाला जोरजोरात टाके घालायला लागली. थोरलीला आनंद झाला, खोटं कशाला बोला. अगदी गुदगुल्या झाल्या.

पाद्रीणबाई एकेक कार्ड वाचून इथल्या भाषेत सांगायला लागली. कोणी फक्त 'मलाही' एवढंच लिहिलं होतं. एका म्हाताऱ्यानं लिहिलं होतं की भावाचं दुकान त्याच्या दुकानापेक्षा मोठं आहे, आणि सत्तर वर्षांचा झाला तरी तो त्या रस्त्यानं जात नाही. एका बाईला चर्चमधल्या गाणाऱ्या बाईच्या आवाजाचा हेवा वाटायचा. 'तुमच्यासाठी करते, त्यात माझंही होऊन जाईल,' असं तिनं लिहिलं होतं. थोरली ऐकत होती. गुदगुल्या हळूहळू थांबल्या. पाठमोऱ्या धाकटीचे टाकेही सावकाश पडायला लागले होते.

शेवटच्या कार्डावरचं अक्षर फार थरथरतं होतं. पाद्रीणबाईनं ते खिडकीपाशी नेऊन आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं सांगितलं. "लिहिलंय, मलाही एक जाऊ होती. सगळे तिच्याकडेच जायचे. बारा वर्षं मी तिच्याशी बोलले नाही. ती गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. रोज दुपारी मी दोन कप काढते आणि एक परत ठेवते. तुमची जाऊ आहे ना अजून?"

थोरली कार्ड हातात घेऊन उभी होती. तिला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी ती त्याच्याकडेच बघत होती.

धाकटीनं दोरा दातानं तोडला. वळली नाही. "ताई, बसा," ती म्हणाली. "कागद घ्या आणि लिहा त्या बाईला. आहे म्हणावं अजून."